पानांखालचे बिऱ्हाड

नाकेदारमामा जंगलात कधी पुढे चालत नसत. किनवटच्या राखीव जंगलाची राखण वीस वर्षे त्यांच्याकडे होती, पण सोबतच्याला पुढे घालायचे आणि आपण मागून, अनवाणी यायचे. "मी म्होरं झालो तर तुमी माझी पाठच बघत बसताल," म्हणायचे. त्यामुळे त्या जंगलात मी जे पाहिले ते आधी मला दिसले, आणि मग मागून हलक्या आवाजात त्याचे नाव ऐकू आले.

मी शिरूर अनंतपाळकडचा, किनवटच्या आश्रमशाळेत नवा मास्तर. आमचा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगे. मामा हसले. "नवा जिल्हा भेटला म्हणं. मग नवा पाऊस बी मागून घ्यायचा व्हता की." दुष्काळाचे ते दुसरे वर्ष. फाल्गुनात आमच्या गावाकडे रंग म्हणून काही उरला नव्हता, आणि इथे भेगाळलेल्या जमिनीवर, अंगावर एक पान नसताना पळस फुलला होता. मोहाची रसाळ फुले टपटप गळत होती. पाण्याचा थेंब नसताना एवढा रस या झाडांनी आणला कुठून, असे मी विचारले. मामांनी वर फुलांकडे पाहिले. "मला बी अजून कळलं न्हाई. म्हणून तर रोज येऊन राहिलो."

ती फुले वेचायला वस्त्यांवरच्या बाया येत. वाळल्या पानांत फुले हरवू नयेत म्हणून झाडाखाली काडी लावून जागा साफ करायची, ही तिकडची जुनी रीत. दुष्काळात त्यांना मोहाचाच आधार, त्यामुळे त्यांना हाकलणे मामांना जमणारे नव्हते. पण त्या वर्षी वनखात्याच्या साहेबांनी बजावले होते की आग लागली तर नाकेदार जंगलात राहणार नाही. मग उजाडताच मामा स्वतः खराटा घेऊन एकेका मोहाखाली झाडू लागले. लक्ष्मीबाई नावाची एक म्हातारी त्यांना चिडवायची, "मामा, पगार सरकारचा अन् झाडलोट आमची?" मामा म्हणायचे, "तू काडी लावू नको, तुझं अंगण बी झाडतो."

एका सकाळी मामा पाने झाडून, ढीग करून पुढच्या झाडाकडे वळले. आमच्याकडे फाल्गुनात वावरातली धसकटे वेचतात, ढीग घालतात आणि पेटवतात. माझ्या हातांना लहानपणापासून तेच वळण. मामांचे एक काम वाचवावे म्हणून मी खिशातली काडेपेटी काढली आणि ढीग पेटवला.

वारा सुटला. बघता बघता आग चढावर पळाली. मामा आणि सगळ्या बाया हिरव्या डहाळ्यांनी ती दुपारपर्यंत झोडपत होत्या. टेकडीचा एक उतार गेला. मामांचे तळपाय भाजले होते. खाली बसून, न रागावता ते म्हणाले, "मास्तर, हे वावर न्हाई. पानांखाली बिऱ्हाडं असतात. म्हणून तर मी ढीग तसाच ठेवतो. सांजपर्यंत ज्याचा तो निघून जातो."

साहेबांनी विचारले तेव्हा मामांनी सांगितले की चूक त्यांचीच. मी बोलायला गेलो, तर त्यांनी नजरेनेच मला थांबवले. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी खरे सांगितले, पण बदलीचा कागद निघाला होता. मामांना बिलोलीकडच्या लाकडाच्या आगारावर धाडले. तिथे झाडे होती ती सगळी आडवी.

वर्षभराने मी तिथे गेलो, माफी मागायला. त्यांनी विषय काढूच दिला नाही. सागाच्या ओंडक्यावर बसून एवढेच विचारले, "जळाल्या जागी काय आलं?" मी त्या उताराकडे परत फिरकलोच नव्हतो. मामांचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "मग मला काय सांगायला आलात, मास्तर?"

परतल्यावर मी तीन सकाळी त्या उतारावर बसून काढल्या. काळ्या खोडांना सागाचे कोंब आले होते, तेंदूची पालवी लाल होती, राखेच्या जागी सशाच्या लेंड्या होत्या. पुन्हा बिलोली गाठून मी सारे सांगितले. मामा डोळे मिटून ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, "अन् मुंग्या?"

मुंग्या मी पाहिल्या नव्हत्या.

"त्या बघा. त्या आल्या म्हंजे समदे येतेत."

पुढच्या रविवारी मी त्या उतारावर पालथा पडून राहिलो, आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो. बिलोलीत कळले की मामांना जाऊन चार दिवस झाले. त्यांना सांगायचे राहिले ते एवढेच: एका काळ्या बुंध्याखालून मुंग्यांची रांग लागली होती, आणि प्रत्येकीच्या तोंडात एकेक पांढरे अंडे होते.