आमचा पोलादपूरचा स्पर्धक

चहा आधी घशाखाली जाऊ द्या, नाहीतर ठसका लागेल. माझ्या धंद्यातल्या हुशारीची गोष्ट सांगतोय!

महाडच्या एमआयडीसीतली माझी नोकरी गेली, तेव्हा आम्ही नवराबायकोनं कुळथाच्या पिठाचा धंदा काढला. भाजणार, दळणार सुनंदा आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून कंपनी मोठी करणार मी. केवढी न्याय्य वाटणी!

सोनेरी पाकीट माझं, इंग्रजी नाव माझं. सुनंदा म्हणाली, "अहो, साध्या लहान पुड्या करू. पावसात घाट बंद झाला की लोक हात आखडतात."

मी खो खो हसलो.

एकदा पोलादपूरला आमचा माल ठेवणाऱ्या चाचांच्या किराणा दुकानात बघतो तर काय, माझी सोनेरी पाकिटं धूळ खातायत आणि शेजारी साध्या पुड्यांत कुळथाचं पीठ!

"चाचा, हे कुणाचं?"

"एक ताई देतात. नाव सांगायचं नाय, शब्द दिलाय."

झालं! व्हिडिओत म्हटलंच होतं, स्पर्धक लहान असतानाच संपवा. मी सगळ्या पुड्या विकत घेतल्या, घरी माळ्यावर लपवल्या. माझंही नाव सांगायचं नाही, असा चाचांकडून शब्द घेतला. पुढच्या आठवड्यात पुड्या दुप्पट! त्याही घेतल्या. मग आणखी वाढल्या! बाई आहे की राक्षस?

इकडे सुनंदा गुणगुणत दळत होती. शेजारच्या दोघींना मदतीलाही घेतलं. मला वाटलं, माझ्या सोनेरी पाकिटांचीच तयारी चाललीय. जात्याकडे ढुंकून बघतो कोण?

गणपतीचं मखर काढायला ती माळ्यावर चढली आणि पुड्यांचा ढीग धाडकन खाली आला.

"अहो... सगळ्या तुम्हीच घेतल्यात?" ती त्या ढिगातच बसली. डोळे भरून आले होते. "मला वाटलं, लोकांना माझ्या हातचं आवडलं. चाललं असतं तर सांगणारच होते. नसतं चाललं, तर तुम्ही परत हसला असता."

म्हटलं, खरं काय ते चाचांनाच विचारू. तसाच तिला घेऊन पोलादपूर गाठलं.

आम्हाला बघताच चाचा कडाडले, "काय ओ, तुम्ही सगळा माल उचलता नि लोक माझ्याशी भांडतात! कापडे गावच्या बायका दोनदा रिकाम्या हातानं परत गेल्या. पयल्या पुडीची चव लागलीय त्यांना!"

सुनंदानं पदरानं डोळे पुसले आणि अशी हसली, की लग्नातसुद्धा तशी हसली नव्हती.

आता पुड्यांवर तिचं नाव आहे आणि त्या पोचवतो मी. चाचांना मात्र तिनं बजावून ठेवलंय, "सगळ्या जगाला द्या, फक्त ह्यांना विकायचं नाय."