डबलशीट

लग्न होऊन कोल्हापुरात आले ती माहेरची सायकल घेऊनच. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मंगळवार पेठेतल्या घरातून मी शाहूपुरीतल्या शाळेत शिकवायला जायची. रस्ते सायकलीला चांगले, मोटारी मोजक्याच. पण म्हशी मोकळ्या फिरायच्या, आणि घंटी वाजवली की म्हैस बाजूला न होता वळून बघायची. माणसंही तेच करायची. साडी खोचून सायकल हाणणारी सून त्यांनी फारशी पाहिली नव्हती.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, हे पसंत नव्हतं. मला त्या काही बोलायच्या नाहीत. मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला सांगायच्या.

मग त्यांचा गुडघा धरला. डॉक्टर माझ्या शाळेशेजारीच. बसची पायरी त्यांना चढवेना, रिक्षात पोटात ढवळायचं. एका शनिवारी मी दुपारी घरी आले तर आत्ती दारातल्या कट्ट्यावर पदर खोचून उभ्या. म्हणाल्या, "आण तुझी ती गाडी हिकडं."

कट्ट्यावरून त्या थेट कॅरिअरवर बसल्या आणि माझ्या कमरेला मिठी मारली. लग्नानंतर आम्ही इतक्या जवळ पहिल्यांदाच आलो होतो.

जयंती नाल्याच्या पुलाजवळ पोलिसानं हात केला. तेव्हा सायकलवर दोघांनी बसायला बंदी होती.

"डबलशीट चालत न्हाय, बाई," तो मला म्हणाला.

"मलाबी चालवत न्हाय," मागून आत्ती म्हणाल्या. "म्हणून तर बसलोय."

त्यानं त्यांना उतरायला सांगितलं. आत्तींनी पाय सोडून पाहिला, जमिनीला टेकेना. उतरायला कट्टा लागतो, तो दाखवा, लगेच उतरते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पुलाचा कठडा होता, पण पलीकडचा नाला बघून त्यांनी तो नाकारला. पोलिसानं आधाराला हात पुढं केला, तर त्यांनी डोईवरचा पदर ओढून घेतला. शेवटी मी हँडल धरलं, त्यानं मागून कॅरिअर धरलं, आणि आमची वरात दवाखान्याकडं निघाली. वाटेत आत्तींनी त्याचं गाव काढून घेतलं. मलकापूरकडचा निघाला. त्याच्या आईचेही गुडघे दुखायचे.

दवाखान्याच्या पायरीवर आत्ती उतरल्या, तेव्हा कुठं त्याला दंडाची आठवण झाली. त्यानं वही काढली.

"पावणं," आत्तींनी विचारलं, "हितवर ढकलत कुणी आणलं?"

त्यानं वही खिशात ठेवली.

त्यानंतर दर शनिवारी आमची फेरी ठरली. आम्ही दिसलो की तो पोलीस पाठ करून उभा राहायचा. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की गुडघा केव्हाच बरा झालाय आणि तसं त्यांनी आत्तींना महिन्यापूर्वीच सांगितलंय.

पुढच्या शनिवारी आत्ती तयार होऊन बसल्या, आणि मी चाकात हवा भरली.