शिलेदार ऑड्रिकची पाठ

ऑड्रिकने डोंगरातला ड्रॅगन एकट्याने मारला, हे खरं आहे. पण तेवढ्यावर माणसाला जहाज कसं मिळतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मिळालं ते राणीसाहेबांमुळे. त्या त्याच्या सख्ख्या आत्या. आमचा कप्तान तापाने वारला आणि आठवड्याच्या आत हा शिलेदार घोड्यासकट जहाजावर हजर!

"घोडा कशाला?" मी विचारलं. मी तिथली तांडेल. शिडं आणि खलाशी दोन्ही माझ्या ताब्यात.

"घोड्याशिवाय शिलेदार कसला, ब्रिसाबाई?"

चिलखत तर झोपतानाही उतरवायचा नाही. कूस बदलली की भांडी पडल्यासारखा आवाज. जेवताना जवाची पेज आत सांडायची आणि वास आम्ही सोसायचा. सुकाणूवर माझा धाकटा भाऊ टोरिन. तो म्हणायचा, "ताई, गंज चढायच्या आत ह्याला घरी पोचवू या."

मग एका सकाळी धुक्यातून चाच्यांची तीन गलबतं निघाली.

"जहाज फिरवू या, साहेब. पळायला हवं," मी म्हटलं.

"खबरदार! शत्रूला पाठ दाखवणार नाही, अशी तलवारीवर हात ठेवून शपथ घेतलीय मी."

"अहो, त्यांची तीन गलबतं आहेत!"

"मग काय झालं? मी आहे ना."

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. थांबलो तर सगळेच मेलो. हुकमाशिवाय वळलो, तर सुकाणूवरच्याला फाशी, म्हणजे माझ्या टोरिनला.

"शपथ कुणी घेतलीय? तुम्ही की जहाजाने?"

तो विचारात पडला. "मी."

"मग मागे सुकाणूपाशी जा आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहा. जहाज जाईना का कुठेही!"

त्याचा चेहरा खुलला. "फिरवा!"

आम्ही पळालो आणि हा बाबा टोरिनच्या मागे खांबासारखा उभा राहिला. बाण येत होते. दोन चिलखतावर आपटले, तिसरा काखेतल्या फटीतून आत घुसला. तरी जागचा हलला नाही. टोरिनला ओरखडासुद्धा नाही.

बंदरात राणीसाहेबांनी भाच्याला मिठी मारली आणि अख्खं आरमार त्याच्या हवाली केलं. त्याची एकच अट, तांडेल ब्रिसाबाईच हवी.

चांगलं खडसावून नाही म्हणायचं, असं ठरवूनच मी गेले. तो खाटेवर घोरत होता, खांद्याला पट्टी. शेजारी टोरिन बसून चिलखताचा गंज घासत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

माझा संताप काही गेला नव्हता. पण मीही एक चिंधी घेतली आणि दुसऱ्या बाजूने घासायला बसले.