काकांचा न घेतलेला लॅपटॉप

आमच्या समोरच्या घरातल्या काकांइतका उष्णतेवर संशय घेणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. आणि परभणीत राहून उष्णतेवर संशय घ्यायचा, म्हणजे माशाने पाण्यावर घेण्यासारखं आहे. पण काकांनी चाळीस वर्षं शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरून दिल्या. पेडगावपासून ताडकळसपर्यंतच्या विहिरींवरच्या मोटारी त्यांच्या दुकानात काळ्याठिक्कर होऊन यायच्या आणि तांब्याची नवी तार गुंडाळून घेऊन परत जायच्या. त्यामुळे कोणत्याही वस्तूला ते आधी उलटा तळहात लावून बघतात. चहाचा कप, फ्रिजची पाठ, फोन. एकदा मला ताप होता, तर कपाळाला हात लावून म्हणाले, "बेअरिंग ठीक हाय. वायंडिंग जरा गरम हाय."

काकू गेल्यापासून दुकान बंद आहे. मागच्या दिवाळीत बंगळुरूहून आलेल्या मुलाने आपल्या लॅपटॉपवर त्यांना ट्रक चालवायचा गेम दाखवला. काकांनी जेवण विसरून चार तास ट्रक हाकला, ब्रेक तापतील म्हणून उतारावर गिअर खाली घेतला, आणि मुलगा परत गेल्यावर जाहीर केलं की आपल्यालाही असाच लॅपटॉप पाहिजे. तिथून माझी नेमणूक झाली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरी बसून काम करणारी. बोलणं मला जमत नाही, वाचून दाखवणं जमतं. रोज सहा वाजता मी त्यांच्याकडे जाऊन लॅपटॉपबद्दलचं इंग्रजी वाचते आणि मराठीत सांगते.

प्रश्न एकच होता. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बसवलेला असतो, बाकीच्यांत लॅपटॉपसाठीच बनवलेला, म्हणजे मोबाईल प्रोसेसर. पहिला ताकदीचा, काढून बदलता येणारा, पण जड आणि तापट. दुसरा हलका, त्या मानाने थंड, पण बोर्डावर कायमचा डाग देऊन बसवलेला. खोलता न येणारं यंत्र काकांना बिनदाराच्या घरासारखं वाटतं, आणि तापणारं यंत्र तर जन्माचा वैरी.

"एक जण पाच एचपीची मोटार तीनच्या खोक्यात कोंबायलाय," ते म्हणाले, "अन् दुसरा म्हणतोय, जळली तर फेकून द्या. कसं करावं माय?"

लॅपटॉपच्या दुकानात जाऊन त्यांनी मालकाला तासभर गेम चालू ठेवायला लावला आणि दर दहा मिनिटांनी लॅपटॉपच्या पोटाला हात लावला. मालक शेवटी म्हणाला, "काका, तुमी लॅपटॉप बघायला आलात का ताप?"

"दोन्ही एकच हाय," काका म्हणाले.

रोज सात वाजता मुलाचा फोन येतो, तेव्हाही मी तिथेच असते. मुलगा सोशिक आहे. "बाबा, मोबाईल प्रोसेसरवालाच घ्या, आता तोही काही कमी नाही," असं समजावतो. काकांना पटतं, आणि फोन ठेवता ठेवता ते नवी शंका काढतात. पंखा धूळ ओढील का? जिंतूरला लग्नाला नेला तर बॅटरी किती पुरंल? लग्नात लॅपटॉप कशाला, हे मुलगा विचारत नाही. "बघून सांगतो उद्या," एवढंच म्हणतो.

मला वाटायचं, हा स्वभावच. परवा न राहवून विचारलं, "काका, तुम्हाला नक्की घ्यायचाय ना?"

ते फोनला उलटा हात लावून बसले होते. "इन्व्हर्टर घ्यायचा होता तवा महिनाभर रोज फोन यायलता पोराचा," ते म्हणाले. "मग बसवला. लय चांगला चालायलाय. फोन बंद झाला."

काल मुलाने एक लांबलचक इंग्रजी तुलना पाठवली. कुणीतरी दोन्ही प्रकार आठवडाभर चालवून, तापमान मोजून, शेवटच्या पानावर स्वच्छ निकाल दिला होता. मी तो घरीच वाचला होता. त्यानंतर विचारण्यासारखं काही उरत नव्हतं.

सहा वाजता काका चष्मा पुसत म्हणाले, "काय म्हणतोय?"

या गावात सहा वाजता माझी वाट बघणारं दुसरं कुणी नाही. वाचता वाचता मी शेवटच्या पानाआधीच थांबले.

"काका," मी म्हणाले, "यांनी एसीच्या खोलीत मोजलंय. आपल्याकडच्या मे महिन्यात काय होईल, ते इथे नाही."

काकांनी समाधानाने मान हलवली. "विचारतो सातला," ते म्हणाले. "तू बस."