यादीतलं सातवं ठिकाण

जहाज सुटायच्या दीड तास आधी पाहुणे बंदरावर, हा कुमुदिनीकाकूंचा नियम. पाहुण्यांनी नाकं मुरडली, "अजून किती उजेड आहे हो" म्हणून गयावया केली, तरी काकू ढिम्म हलत नाहीत. शिवाय हे सगळं इतक्या गोड आवाजात चालतं, की आपल्याला हाकललं जातंय हे पाहुण्यांना जहाजावर चढल्यावर कळतं.

जपानातल्या कोबेच्या बंदरात मोठ्या क्रूझ येतात. सकाळी लागतात, संध्याकाळी निघून जातात. ज्यांना चाळीस जणांच्या बसमधून मेंढरांसारखं हिंडायचं नसेल, ते काकूंना गाइड म्हणून बोलावतात. काकू अकरा वर्षं हे काम करताहेत. टर्मिनलच्या दारात नावाची पाटी धरून उभी असलेली पाच फुटांची बाई, पायात पांढरे बूट आणि खांद्याला एक पिशवी. त्या पिशवीतून बँडेजपासून भडंगापर्यंत काहीही निघू शकतं.

मी बँकेच्या बदलीवर तीन वर्षांसाठी इथे आले. पहिल्याच महिन्यात चुकीच्या वारी कचरा बाहेर ठेवला म्हणून एका अनोळखी बाईनं मला भर रस्त्यात चक्क मराठीत झापलं. पारदर्शक पिशवीतून तिला भाजणीचं रिकामं पाकीट दिसलं होतं. ती आमची ओळख. त्याच रात्री जेवायला बोलावलंन, आणि तेव्हापासून माझा रविवार त्यांच्याच घरी जातो.

शिरीषकाका मोत्यांच्या एका निर्यात कंपनीत हिशेबनीस होते. लग्न होऊन काकू आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. मुलगा सुयश सेंदाईला असतो. तो आईच्या मराठीला फोनवर जपानीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. घर छोटं आहे, दुमजली, नादा भागात डोंगराच्या चढावर. काकूंनी त्यात काय काय केलंय! जिन्याखाली लोणच्याच्या बरण्या, गच्चीत कढीपत्त्याचं झाड. ते थंडीत घरात येतं आणि काकांची खुर्ची बळकावतं.

पण त्या एकतीस वर्षांत काकूंच्या माहेरचं एकही माणूस त्या घरी आलेलं नव्हतं.

हे मला त्यांनी एकदम सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. आईवडिलांनी हौसेनं पासपोर्ट काढले होते. "पुढच्या वर्षी नक्की" करता करता वडिलांचे गुडघे गेले, मग आईचं हृदय, मग दोघंही. ते दोन कोरे पासपोर्ट काकूंच्या कपाटात आहेत. भाऊ अमेरिकेला दोनदा जाऊन आला, जपानला मात्र त्याला रजा मिळाली नाही. लीलावतीताई, म्हणजे काकूंची थोरली बहीण, ठाण्याला एकत्र कुटुंबात अडकलेली.

"दर दोन वर्षांनी मीच जाते," काकू एकदा म्हणाल्या. "चार घरी जेवते, साडी घेते, परत येते. सगळे विचारतात, कशी आहेस. मी कुठे राहते हे कुणाला माहितेय? फोनमध्ये दिसते ती फ्रिजशेजारची भिंत. एकदा कुणीतरी आपल्या पायांनी आत यावं, एवढंच वाटतं गं."

तर यंदा फेब्रुवारीत ठाण्याहून फोन आला. लीलाताई आणि त्यांचे यजमान नीलकंठराव, त्यांच्या हास्यक्लबातली आणखी दोन जोडपी, असे सहाजण एप्रिलमध्ये क्रूझवर निघणार होते. योकोहामा, मग एक दिवस कोबे, मग पुढे कोरिया. "तूच दाखव आम्हाला तुझं गाव," ताई म्हणाल्या.

काकू त्या दिवसापासून जमिनीवर नव्हत्या. पडदे बदलले. भिंतींना रंग लावला. काकांनी पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपातांचे सहा नवे जोड आणले, त्यातला ताईंचा वेगळा, जांभळा. ताईंना वालाचं बिरडं आवडतं, म्हणून भारतातून वाल मागवले. एप्रिलच्या गारठ्यात वालांना मोड येईनात, तेव्हा काकूंनी ते रजईत गुंडाळून झोपवले. आदल्या दिवशी दोघी वाल सोलायला बसलो असताना त्यांनी मला दिवसभराची यादी दाखवली.

सात ठिकाणं होती. देऊळ, जुन्या परदेशी व्यापाऱ्यांचे बंगले, रोपवे, साके या तांदळाच्या दारूची भट्टी, जेवण, बाजार. आणि सातवं, दोन चाळीस ते तीन चाळीस, 'गाइडचे घर'. जहाज साडेपाचला सुटणार, म्हणून चार वाजता बंदर.

माझ्या हातातला वाल खाली पडला. "काकू, यादीतलं शेवटचं ठिकाण कापण्यासाठीच असतं, असं तुम्हीच म्हणता ना? दिवसात उशीर हा होतोच, म्हणून शेवटी असं काहीतरी ठेवायचं, की गाळलं तरी पाहुणे हळहळणार नाहीत."

"ते पाहुण्यांसाठी."

"मग घर पहिलं घ्या ना! सकाळी उतरल्या उतरल्या चहाला आणा."

"बरोबर चार परकी माणसं आहेत, उत्तरा. एवढ्या लांबून शहर बघायला आलेली. आल्या आल्या माझा संसार दाखवू त्यांना? म्हणतील, गाइड म्हणून बोलावलं तर हिनं स्वतःचीच हौस फेडून घेतली."

"मग एकट्या ताईंना आणा."

"आणि चौघांना रस्त्यावर सोडू?"

मी सोललेले वाल वाडग्यात टाकत राहिले, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि दुपारी एक वाजताच त्यांच्या घरी जाऊन बसले. बिरडं तयार होतं, पोळ्या करायच्या होत्या. काकांनी सपातांचे जोड दारात मांडले, मग उचलले, मग जरा अंतर ठेवून पुन्हा मांडले. तो मितभाषी माणूस दर दहा मिनिटांनी खिडकीतून चढाकडे बघत होता.

साडेबाराला काकूंचा निरोप आला होता की सगळं वेळेवर आहे. दोनला आला, चाळीस मिनिटं उशीर. पुढचं मला नंतर कळलं. बाजारात मंडळींना शंभर येनचं दुकान दिसलं. ठाण्याची चार माणसं आणि चार मजले भरून शंभर येनच्या वस्तू! एकीनं डबे घेतले, दुसरीनं त्याच डब्यांचा मोठा आकार शोधायला तिसरा मजला गाठला, एक गृहस्थ नखं कापायच्या यंत्रांची तुलना करत बसले. काकू दारात घड्याळ बघत उभ्या. लीलाताई शेजारी, रिकामी टोपली घेऊन. त्यांनी काही म्हणजे काही घेतलं नाही.

"कुमुद, तुझ्या घरी जायचंय ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

"हो हो. आधी यांचं होऊ दे."

आणि ताईंनाही आपल्या मंडळींना सांगवेना, की बाबांनो, आवरा, मला बहिणीचं घर बघायचंय. दोघी एकाच आईच्या लेकी. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. काकूंचा पाहुण्यांसमोरचा आवाज होता, स्वच्छ आणि गोड. "उत्तरा, गॅस बंद कर. सातवं ठिकाण कापलं."

"काकू, बोट साडेपाचला सुटते! अजून अडीच तास आहेत. चारची अट तुमची स्वतःची आहे, कप्तानाची नाही. टॅक्सीनं वीस मिनिटांत घरी याल."

"चार म्हणजे चार."

"आजचा एक दिवस!"

मागे कुणीतरी पिशव्यांचं वजन किती झालं म्हणून हसत होतं. "माझी बहीण आहे म्हणून नियम वाकवला आणि उद्या बोट चुकली, तर? मी कुणाला तोंड दाखवू?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडानं काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी तशाच तिरमिरीत पोळ्या लाटल्या, बिरडं डब्यात भरलं, वर टॉवेल गुंडाळला. निदान टर्मिनलच्या बाकावर बसून तरी ताईंनी चार घास खावेत. काका म्हणाले, "तू जा. मी इथे थांबतो. न जाणो, आलेच तर." जांभळा जोड त्यांनी दारातून हलवला नव्हता.

मी बंदरावर पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सहाही जण बरोबर चारला आत गेले होते. पासपोर्ट तपासून आत गेलेल्या माणसाला पुन्हा बाहेर येता येत नाही. काकू निरोपाच्या गच्चीवर कठड्याला धरून उभ्या होत्या. मी डबा दाखवला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि झाकण लावलं.

साडेपाचला शाळेतल्या मुलांच्या बँडनं निरोपाची धून वाजवली. लोकांनी हात हलवले. जहाज हललं नाही. धून संपली, मुलांनी पुन्हा वाजवली, मग त्यांच्या शिक्षकांनी घड्याळ बघितलं आणि मुलं वाद्यं खोक्यात घालून निघून गेली. तेवढ्यात भोंग्यावर कळलं, की क्रूझच्याच सहलीच्या बसगाड्या क्योतोहून येताना वाटेत अडकल्यात. जहाज पावणेसातला सुटेल.

मी काकूंकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. आपल्या हातानं चारला नेऊन सोडलेली बहीण त्या लोखंडी भिंतीपलीकडे बसून होती, आणि इकडे वेळच वेळ होता.

मग वर नवव्या मजल्यावरच्या कठड्याशी एक ठिपका हात हलवू लागला, आणि काकूंचा फोन वाजला. हात मोकळा राहावा म्हणून त्यांनी तो स्पीकरवर लावून कठड्यावर ठेवला.

"कुमुद, अजून आहेस?"

"आहे गं."

"गेली नाहीस ते बरं केलंस."

"ताई, माझं चुकलं," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा तो गोड आवाज कुठच्या कुठे गेला. "सकाळी उठून तुला सरळ घरी न्यायचं सोडून मी तुला बंगले दाखवत फिरले. एकतीस वर्षं वाट बघितली आणि तुलाच शेवटी ठेवलं. मूर्ख आहे मी."

"मी तरी कुठे तोंड उघडलं? त्यांच्या डब्यांसमोर माझी जीभ रेटली नाही." ताई नाक ओढत होत्या. "ते जाऊ दे. मला आत्ता दाखव. इथून सगळा डोंगर दिसतोय. गाइड आहेस ना? सांग, कुठे बघू?"

काकूंनी डोळे पुसले. मग हात वर केला, तोच पाहुण्यांसमोर करतात तसा.

"डोंगरावर झाडं लावून काढलेला जहाजाचा नांगर दिसतोय? तिथून उजवीकडे ये. अजून. डोंगरात एक सरळ रेघ वर गेलीय, ती केबलगाडीची. तिच्या पायथ्याशी शाळेचं हिरवं छप्पर. त्याच्या मागे चढावर, तिसऱ्या गल्लीत."

"थांब, थांब. चष्मा पुसते."

काकू थांबल्या नाहीत. गल्लीतून दारात आल्या, दारातून आत. सपाता कुठे आहेत ते सांगितलं. जिन्याखालच्या बरण्या, काकांची खुर्ची, कढीपत्ता. ताई मधेमधे विचारत होत्या. स्वयंपाकघराला खिडकी आहे का? ऊन कधी येतं? आईचा फोटो कुठे लावलास? "देवांशेजारी नाही लावला," काकू म्हणाल्या, "ओट्यासमोर लावलाय. कांदा चिरताना बोलता येतं."

मग ताई एकदम ओरडल्या, "दिसलं! अगं कुमुद, दिसलं! निळ्या कौलांचं ना?"

"हो," काकू म्हणाल्या. "तेच."

"किती छान आहे गं."

पावणेसातला जहाज खरोखरच सुटलं. काकू ते दिसेनासं होईपर्यंत हात हलवत राहिल्या. आम्ही बिरड्याचा डबा घेऊन ट्रेनमध्ये बसलो तेव्हा मला राहवलं नाही.

"काकू, तुमच्या घराची कौलं काळी आहेत."

"हं."

"आणि बंदरावरून घर दिसत नाहीच. मधे ती तीस मजली इमारत आहे."

"माहितेय मला."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

काकूंनी मांडीवरचा डबा नीट धरला. "एकतीस वर्षांनी माझ्याकडे कुणीतरी आलं होतं, उत्तरा," त्या म्हणाल्या. "दारातून परत कशी पाठवू?"