सायलीच्या फोल्डरमधला जास्तीचा व्हिडिओ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बंगळूरला जयनगरच्या माहेरी असल्या गप्पा निघाल्या की अण्णा, म्हणजे माझे वडील, सरळ उठून जायचे, आणि मी त्यांचीच मुलगी. तरी लिहितेय, कारण हे पोटात ठेवणं आता जड जातंय.

मी निखिलची दुसरी बायको. पहिली, सायली, आजारपणात गेली. ती पुण्याची, बडबडी, सतत मोबाईल धरून शूटिंग करणारी. तिचे व्हिडिओ इतके की घरच्या मीडिया सर्व्हरची डिस्क भरली. मग आमच्या साहेबांनी, निखिलने, क्लाउड स्टोरेज माऊंट करायला घेतलं. म्हणजे फाइल्स दूर कुठेतरी इंटरनेटवर, पण घरच्या सर्व्हरला वाटतं आपल्याच डिस्कवर आहेत. त्यात कितीतरी रविवार गेले. मला इथल्याच लालबाग बागेत फिरायला न्यायला मात्र वेळ नव्हता.

मला राग यायचा. राग कसला, सरळ मत्सर म्हणा. ती त्याला 'निख्या' म्हणायची, मी 'अहो' म्हणते. तो टीव्हीसमोर बसून तिच्या बडबडीवर गालात हसायचा आणि मी आत भांडी आपटायचे. गेलेल्या बाईशी भांडणार तरी कसं?

त्या दिवशी रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली आणि नेट गेलं. निखिल ऑफिसला गेला होता. मी टीव्ही लावला तर व्हिडिओंची लायब्ररी जवळपास रिकामी... त्याला फोन केला.

"अहो, तुमचं सगळं पुसलं गेलंय."

"अगं, माऊंट सुटलं असेल. फोल्डर रिकामं दिसलं म्हणून सर्व्हरने लिस्टच उडवली. ऑटो-स्कॅन बंद करायचं राहिलं माझं. फाइल्स आहेत क्लाउडवर."

"पण सायलीच्या फोल्डरात एक व्हिडिओ दिसतोय."

"शक्यच नाही. नेटशिवाय काहीच दिसणार नाही."

"सरी, बरं मग, तुम्हीच येऊन बघा," म्हणत मी फोन ठेवला आणि — प्ले दाबलं.

आमचं स्वयंपाकघर. महादेवपुऱ्याच्या ह्याच फ्लॅटमधलं, जो सायली गेल्यानंतर घेतला. मी पाठमोरी, चित्रान्नासाठी, आमच्याकडच्या लिंबू-फोडणीच्या भातासाठी, भात परततेय. निखिल ओट्याला टेकून माझ्या बोलण्यातल्या कन्नड-मराठी खिचडीवर पोट धरून हसतोय. मागच्याच आठवड्यातलं. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. चित्र जरासं हलत होतं, मोबाईल हातात धरल्यावर हलतं तसं. सायली तिच्या व्हिडिओत क्षणभर गप्प बसत नाही, इथे मात्र तिचा आवाजच नव्हता. आणि अगदी शेवटी, कॅमेऱ्याच्या मागून, हळूच...

"निख्या माझ्याशी असा कधी हसला नाही."

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. मग मी टीव्हीचं बटणच बंद केलं. तिचं वाईट वाटलं ते त्यानंतर, बऱ्याच वेळाने.

संध्याकाळी नेट आलं, माऊंट लागलं, लायब्ररी पुन्हा भरली. तो व्हिडिओ तेवढा नव्हता. निखिलने सर्व्हरच्या नोंदी, कॅशमधल्या तात्पुरत्या प्रती, सगळं उपसलं. "जुनं काहीतरी कॅशमध्ये राहिलं असेल," म्हणाला. पण जे कुणी शूटच केलं नाही ते राहील कसं?

"पण होतं काय त्यात?" तो अजून मधूनमधून विचारतो. मी म्हणते, नीट दिसलं नाही. ते वाक्य मी त्याला कधीच सांगणार नाही. सांगितलं तर तो पुन्हा तिच्याचसाठी रडत बसेल.