बाप्पासमोरची अंतराळलढाई

अंतराळातील युद्धांची गोडी मला निवृत्तीनंतर लागली, आणि ही गोष्ट मी बरेच दिवस घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. पुण्याच्या मुलीने आमच्या टीव्हीत चित्रपट पाहण्याची सोय करून दिली, तेव्हा आई पाककृती पाहील अशी तिची समजूत असावी. एका दुपारी चुकीचे बटण दाबले गेले आणि पडद्यावर दोन अवकाशयाने एकमेकांवर आग ओकू लागली. मी स्वयंपाकघरातला गॅस बंद करून आले आणि बसले.

पाहता पाहता माझ्या तक्रारींची संख्या वाढत गेली. प्रकाशाचे शस्त्र म्हणावे, तर त्यातला प्रकाश इतका सावकाश येतो की समोरचा माणूस वाकून तो चुकवतो. अवकाशात वरखाली असा भेदच नाही, तरी ही याने एकाच पातळीवर समोरासमोर येतात. जुन्या जालन्याच्या गल्लीत दोन टेम्पो अडकावेत आणि मागे कुणीच घेऊ नये, तशी. निर्वात पोकळीत स्फोटाचे आवाज होतात. आणि सर्वांत मोठे कोडे म्हणजे, शत्रू प्रकाशाचाच मारा करतो हे सगळ्या विश्वाला ठाऊक असताना एकही सैनिक घरून आरसा आणत नाही. हे मी यांना सांगितले की वर्तमानपत्रामागून आवाज येई, “मग जाऊन सांग त्यांना.”

त्या वर्षी आमच्या वसाहतीच्या गणेश मंडळाला नवा जिवंत देखावा हवा होता. ‘आमच्या घरात रोज दुपारी महायुद्ध चालतं,’ असे यांनी सहज कुणाला तरी सांगितले आणि संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष दारात उभे राहिले. जुन्या जालन्यात त्यांचे बियाण्यांचे दुकान आहे आणि दुकानाच्या मानाने आवाज फार मोठा आहे. पृथ्वीवर परग्रहवासीयांचा हल्ला असा देखावा लिहून द्याल का, असे त्यांनी विचारले. मी मान हलवून हो म्हटले. तोपर्यंत मी प्रश्नपत्रिकांखेरीज काहीही लिहिलेले नव्हते. आपण लिहिलेले वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून, चारचौघांत उच्चारलेले ऐकावे, ही इच्छा मात्र माझ्या मनात इतकी प्रबळ होती की ती उघड करण्याचीही मला लाज वाटत होती.

मी लढाई लिहिली ती शास्त्रशुद्ध. रणभूमी उघड्या अवकाशातली, तेव्हा आवाज नाही. निर्वातात धूळ नाही, तेव्हा किरण बाजूने दिसणार नाहीत. शत्रूने शस्त्र रोखायचे, कळ दाबायची आणि समोरच्याने पडायचे.

गणपती बसल्यानंतरच्या रविवारी मांडवात तालीम झाली. परग्रहाचे सेनापती म्हणजे आमचे शेजारी. ते नोकरीसाठी रोज बदनापूरला जातात, म्हणून सुटीचा दिवस धरला होता. सेनापतींनी पाण्याच्या पाइपाचे शस्त्र रोखले. शांतता पसरली. पृथ्वीचे दोन जण पडले. पुन्हा शांतता. थोड्या वेळाने आणखी एक जण, बहुधा कंटाळून, पडला.

अध्यक्ष खुर्चीत पुढे झुकले. “मॅडम, राग मानू नका,” ते म्हणाले, “पण हे लढून राह्यले का ध्यानाला बसले, हेच समजून न्हाई राह्यलं.”

याहून मोठी अडचण जागेची होती. आमचा मांडव म्हणजे बंद गल्ली. गल्लीच्या टोकाला बाप्पा, त्यांच्यापुढे अरुंद रंगमंच आणि मग प्रेक्षक. दोन्ही सैन्यांत अंतर राहावे म्हणून मी एक सैन्य बाप्पाजवळ आणि दुसरे प्रेक्षकांजवळ उभे केले होते. परंतु बाप्पाजवळच्या पृथ्वीवासीयांनी शत्रूकडे तोंड केले की त्यांची पाठ बाप्पाकडे होई, आणि ते त्याला तयार नव्हते. शत्रूने पृथ्वीवर नेम धरला की तो थेट बाप्पावर लागे, आणि शत्रूही त्याला तयार नव्हता. दोन्ही सैन्ये हळूहळू कडेला वळत गेली आणि अखेर सगळे मिळून उजवीकडच्या घरावरील पाण्याच्या टाकीवर मारा करू लागले. त्या घरातल्या वहिनी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला आल्या होत्या; त्यांनी टाकीने तुमचे काय बिघडवले आहे, असे विचारले. त्यावर तालीम मोडली. दोन सैन्ये समोरासमोर डाव्याउजव्या अंगाला उभी करावीत, तर अंतर इतके कमी की त्यांना एकमेकांशी हात मिळवता आला असता.

अध्यक्षांनी निर्णय दिला, तोही गोडीने. “बुधवारच्या आरतीनंतर देखावा सुरू करायचा हाय. तवर लढाई लढाईसारखी दिसली तर बराबर. न्हाईतर मंग मागच्या सालचा स्वच्छतेचा देखावा लावू, त्याचं रेकॉर्डिंग तयारच हाय.”

मी घरी आले. यांनी चहा केला, यावरून माझा चेहरा कसा होता याची कल्पना यावी.

त्याच संध्याकाळी आरती झाली. धुपाटण्यात कुणी तरी नेहमीपेक्षा सढळ हाताने ऊद टाकला होता आणि सगळा मांडव धुराने भरला होता. माळेतला एक दिवा लागत नव्हता, म्हणून तो तपासण्यासाठी एकाने खालून टॉर्च लावला. धुरातून प्रकाशाचा सरळ, घट्ट दांडा वर गेला; हाताने धरता येईल असा. धुराच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, हे मी किती वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. मी यांच्या बाहीला धरले आणि भराभर सांगितले. लढाई अवकाशात नकोच, यानाच्या आत हवी. यानाला आग लागलेली असली की धूर आला, किरण दिसले. आत हवा आली, म्हणजे आवाजही आला. शत्रूने डाव्या भिंतीशी उभे राहून उजवीकडे मारा करायचा, म्हणजे नेमही बाप्पावर नाही आणि पाठही नाही. उजवीकडच्या पृथ्वीवासीयांच्या हातात शस्त्र द्यायचेच नाही, फक्त आरसे. आलेला किरण तिथून परत, आणि यानाच्या आत सैन्ये जवळजवळ असली तरी चालते. हे सगळे तुम्ही अध्यक्षांना सांगा, असे मी म्हटले.

“मी का?” हे म्हणाले. “युद्ध तुझं आहे. तूच लढ.”

आणि ते सरळ प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

मी अध्यक्षांसमोर गेले. सुरुवातीला माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग सवयीने मी वर्गात बोलते तशी बोलू लागले आणि ते खरोखरच हाताची घडी घालून उभे राहिले. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, की आरसे किती लागतील.

पुढचे दोन दिवस वसाहतीतल्या पुरुषांची दाढी अंदाजानेच झाली असावी, कारण न्हाणीघरांतले आरसे मांडवात आले होते. लेझर आणू या, अशी सूचना आली. प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या काळजीने मी ती नाकारली; नाही म्हणणे इतके सोपे असते हे मला तेव्हा कळले. टॉर्चवर लाल-हिरवा जिलेटिन कागद लावला. आरतीला ताशा वाजवणाऱ्यांकडे स्फोटांचे काम दिले.

बुधवारी आरती संपली आणि धूर विरायच्या आत शत्रू चालून आला. लाल किरण मांडवभर आडवे झाले. प्रेक्षकांत ‘ओ’ असा आवाज उठला. पृथ्वीवासी मागे सरले, वाकले, आणि मग एकदम आरसे वर आले. तोच लाल प्रकाश उलटून शत्रूच्या छातीवर पडला. ताशा कडाडला. शत्रू धडाधड कोसळला. त्यातले एक जण पडताना चष्मा काढून खिशात ठेवायला विसरले नाहीत.

आता सेनापतींचे अखेरचे वाक्य होते. सर्वांत जास्त वेळ मी त्याच वाक्यावर घालवला होता: ‘पराभव आमचा झाला खरा, परंतु ज्या शस्त्राने तो झाला, ते आमचेच होते.’ मी शेवटच्या रांगेत खांबाआड उभी होते. सेनापती गुडघ्यावर आले. त्यांनी प्रेक्षकांकडे पाहिले, आढ्याकडे पाहिले; वाक्य त्यांना आठवत नव्हते, हे मला तिथूनही दिसले. मी ओठ हलवून पाहिले, पण इतक्या लांबून त्याचा काय उपयोग. मग ते आपल्या नेहमीच्या आवाजात, गाडी चुकल्यावर घरी येऊन सांगावे तसे म्हणाले,

“काय लोक हायेत राव. आपलंच सामान आपल्याला वापस करून राह्यले.”

मांडव हसला, आणि हसण्याच्या पाठोपाठ टाळ्या आल्या. अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होते, खांबाबाहेर येऊन.

देखावा संपल्यावर सेनापती मला शोधत आले. वाक्य ऐनवेळी गेले, उद्या बिलकुल पुस्तकातल्यासारखे म्हणतो, असे ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. मी त्यांच्या हातातला संहितेचा कागद मागून घेतला, माझ्या ओळीवर काट मारली आणि त्यांचे वाक्य त्यांच्याकडूनच पुन्हा एकदा सावकाश वदवून, जसेच्या तसे खाली उतरवून घेतले.